खाऱ्या पाण्यातला धुरा

पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या पाण्याचं कुणाला कौतुक नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावं खारपाणपट्ट्यात येतात. विहीर खोदली तर पाणी लागतं. पण ते पिकाला सोडलं तर काळी जमीन आवळून बसते आणि प्यायलं तर तहान जागच्या जागी राहते. आमच्या काकाजींचं गाव तेल्हाऱ्याकडचं. वान धरणावरच्या ८४ खेड्यांच्या योजनेमुळं त्या भागात नळाला गोडं पाणी आलं, तरी आधी ओंजळभर चाखून पाहायची त्यांची सवय काही गेलेली नाही. म्हातारी माणसं सांगतात, इथं कधीकाळी समुद्र होता. समुद्राचं मला ठाऊक नाही, पण गाळाच्या खोल थरांमध्ये क्षार दबा धरून बसलेत, हे मात्र ज्यानं ज्यानं तिथं मोटर टाकली त्याला कळलेलं आहे.

अशा मुलखात मी अकोल्याच्या घरात बसून मुद्दाम खारं पाणी तयार करतो. महान धरणाचं नळाला आलेलं पाणी आरओतून काढायचं, उरलेसुरले क्षार घालवायचे, आणि मग मुंबईहून मागवलेलं समुद्री मीठ लिटरमागं ३५ ग्रॅमच्या हिशेबानं त्यात विरघळवायचं. रात्रभर पंप फिरू द्यायचा, सकाळी विशिष्ट गुरुत्व मोजायचं, १.०२५ आलं की पाणी तयार. काकाजी हे पहिल्यांदा पाहायला बसले तेव्हा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या हिरीतूनच न्यायचं होतं नं बाप्पा. फुकटात भेटलं असतं."

नसतं भेटलं. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. आमच्याकडच्या खारट विहिरी त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. जे पाणी माणसाला घोटवत नाही ते प्रवाळातल्या माशाला जीवघेणं गोडं वाटेल. शिवाय नुसत्या खारटपणानं समुद्र होत नाही. आमच्याच वऱ्हाडात लोणारचं सरोवर आहे, खारट आणि वर सोड्यानं जळजळीत, सामू दहाच्या घरातला. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशानं फोटो पाहिले. तो रंग मीठखाऊ सूक्ष्मजीवांचा होता. मासा तिथं नाही.

उन्हाळा हा वेगळा अध्याय आहे. समुद्री टाकीला २५-२६ अंशांचं पाणी लागतं आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं जातो. पण इथल्या हवेचा एक उपकार आहे: ती कोरडी आहे. पाण्यावर साधा पंखा सोडला की वाफ होऊन पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय असा चालत नाही. गंमत एवढीच की कूलर आणि टाकीवरचा पंखा, दोघांनाही कोरडी हवा हवी असते, त्यामुळं एका बंद खोलीत दोघांचं जमत नाही. कुणी माघार घ्यायची यावर आमच्या घरात दर एप्रिलमध्ये बोलणी होतात. वाफ होऊन जातं ते गोडं पाणी. मीठ खालीच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. शेतातही हेच होतं. ओल उडून जाते आणि मातीवर पांढरी साय धरते. फरक इतकाच की शेताला कुणी रोज बादलीनं गोडं पाणी घालत नाही.

हे सगळं माशांपर्यंत येण्यासाठी सांगितलं. पाणी जमवणं कठीण असलं तरी ते हिशेबाचं काम आहे. मोजता येतं, दुरुस्त करता येतं. जे मोजता येत नाही ते पुढं सुरू होतं, टाकीत दुसरा मासा सोडल्यावर.

माझी टाकी चार फूट लांब, साधारण ४०० लिटरची. तिच्यात क्लाउनफिशची जोडी आहे, वाळूत तोंड खुपसणारा एक गोबी आहे, आणि या गोष्टीच्या वेळी एक डोमिनो होता. डोमिनो म्हणजे डॅमसेल कुळातला मासा. अंग काळं कुळकुळीत. कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना पाठीजवळ एकेक असा पांढरा ठिपका. दुकानात असतो तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा, स्वस्त आणि चिवट. नवी टाकी लावणाऱ्याच्या हातात दुकानदार हटकून हाच ठेवतात, कारण कच्च्या पाण्यातही हा तग धरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळात याची पिल्लं क्लाउनफिशबरोबर समुद्रफुलात, म्हणजे सी ॲनिमोनमध्ये, राहतात आणि तिथं मोठी गोजिरी दिसतात. मोठेपणी हा १४ सेंटीमीटरपर्यंत जातो. ठिपके पुसट होत जातात, स्वभाव गडद होत जातो.

टाकीची डावी बाजू डोमिनोची होती. तिथं दगडांची एक कमान होती. तिच्या खाली तो झोपायचा. उजवीकडचा कोपरा क्लाउन जोडीचा. मधोमध एक रेघ होती. ती काचेवर कुठं आखलेली नव्हती, पण खाण्याचा कण त्या रेघेवर पडला की दोन्हीकडून मासे यायचे, थबकायचे, अंग आडवं करून दाखवायचे आणि परत फिरायचे. कण गोबी खायचा.

काकाजींना ती रेघ पहिल्याच दिवशी दिसली. मला ती दिसायला बराच काळ लागला होता. ते खुर्ची ओढून समोर बसले, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "हे पाह्य. हा धुरा हाये यायचा."

धुऱ्याचं काकाजींना कुणी शिकवायला नको. दोन शेतांमधल्या त्या हातभर पट्टीवर वऱ्हाडात किती आयुष्यं झिजली असतील, त्याचा हिशेब नाही. दरवर्षी वखर फिरवताना शेजारी एक वीतभर आत घेतो, म्हणजे धुरा कोरतो. पुढच्या वर्षी हा कोरतो. मग मोजणीचा अर्ज, सरकारी मोजणीदार, खुणेचे दगड, आणि रात्रीतून सरकलेले खुणेचे दगड. काकाजींचं आणि त्यांच्या धुऱ्याशेजाऱ्याचं चाळीसेक वर्षांचं वैर आहे. तरी शेजाऱ्याच्या बैलाला साप चावला तेव्हा रात्री बैलगाडी यांनीच जुंपली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "थो माहा वैरी हाये, पन मले मालूम हाये थो कुठपर्यंत येते. नवीन मानसाचं काही मालूम नसते."

प्राणिशास्त्रज्ञांनी हेच नोंदवून ठेवलेलं आहे, हे काकाजींना सांगितल्यावर त्यांना विशेष काही वाटलं नाही. जेम्स फिशर या इंग्रज पक्षीनिरीक्षकानं १९५४ मध्ये पक्ष्यांविषयी लिहिताना शेजाऱ्याला 'प्रिय शत्रू' म्हटलं होतं. हद्दीला हद्द लागलेले दोन नर एकमेकांशी रोज कुरबुर करतात, पण परका आला की दोघांचाही जोर दुप्पट होतो. नंतर हे सरड्यांत सापडलं, माशांत सापडलं. शेजाऱ्याकडून काय जाईल ते ठाऊक असतं. परक्याकडून सगळंच जाऊ शकतं. आणि डॅमसेल कुळाला तर राखण्यासारखं खरोखरच काही असतं. यांच्यातल्या काही जाती शेवाळाची शेती करतात. दगडाचा एक तुकडा धरतात, त्यावर हवं तेच शेवाळ वाढू देतात, नको ते तोंडानं उपटून हद्दीबाहेर नेऊन टाकतात. हातभर मासा, तोही नाही, वीतभर. पण पोहत आलेल्या माणसाच्या हाताला चावायला कमी करत नाही. डोमिनो शेतकरी नाही, तो वाहत्या पाण्यातलं टिपून खातो, पण खोड त्याच घराण्याची.

या डोमिनोच्या टाकीत मला एक नवा मासा आणायचा होता.

कोरल ब्यूटी नावाचा बुटका एंजल. निळा-जांभळा, पोटाकडं नारिंगी जाळ, डोळा सतत काहीतरी शोधणारा. मुंबईहून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसनं आला, थर्माकोलच्या खोक्यात, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. पहाटे अकोला स्टेशनवर खोकं घेताना हमालानं विचारलं, "केक हाये का?" तिथून तो थेट मोठ्या टाकीत गेला नाही. दुसऱ्या खोलीत एका साध्या काचेच्या टाकीत, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांमध्ये काही आठवडे राहिला. बाहेरून येणाऱ्या माशाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी येतो आणि एकाबरोबर सगळी टाकी जाते, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण फार कुणी सांगत नाही. प्रवासानं खंगलेला मासा भांडणात टिकत नाही. त्याला आधी एकांतात खाऊ घालून बळ आणायचं, माणसाच्या हातून खायची सवय लावायची, आणि मग रिंगणात उतरवायचं. जो पहिल्या दिवशी इतरांबरोबर पुढं येऊन खातो त्याचं निम्मं काम झालेलं असतं. कोपऱ्यात उपाशी लपणाऱ्याला सगळेच मारतात. ज्यांचा एरवी कुणाशी वाद नसतो तेसुद्धा.

मग खोक्याचा दिवस आला. पारदर्शक ॲक्रिलिकचं, भोकं पाडलेलं खोकं टाकीत आतून काचेला टांगतात. नवा मासा त्यात ठेवतात. पाणी एकच, वास एकच, नजरानजर होते, दात पोचत नाहीत.

डोमिनो कमानीतून निघाला तो थेट खोक्याशी. आधी समोरून. मग वळला आणि पूर्ण आडवा झाला, पाठीचे आणि पोटाचे पर ताणून, म्हणजे मी केवढा आहे ते नीट पाहून घे. मग शेपटीचा एक फटकारा. अंगाला अंग न लावता समोरच्यावर पाणी ढकलायचं. खोक्याच्या भोकांतून तो दाब आत पोचला असणार, कारण कोरल ब्यूटी मागं सरकली. मग डोमिनो ॲक्रिलिकवर आदळला. तोंड आपटल्याचा बारीक टक्क आवाज बाहेर ऐकू आला. परत गेला, कमानीखाली एक फेरी मारली, परत आला. हे थांबेना. उजवीकडून क्लाउनची मादी आली आणि तिनंही एकदोनदा टिकटिक केलं. क्लाउनफिश जबडा मिटताना दातांवर दात आपटून आवाज काढतात, आणि रात्री पंखा बंद असला की काचेला कान लावून तो ऐकू येतो. पण ती हद्दीपलीकडं गेली नाही. कोरल ब्यूटी खोक्याच्या तळाशी, कोपऱ्यात, बाजू बदलत राहिली.

काकाजी शेजारीच होते. म्हणाले, "काहून बाप्पा? एवढं पानी हाये नं दोघाइले." थोडं थांबून, खोक्याकडं बोट दाखवून: "पन त्याले निंघाले जागाच नाही. थो जाईन कुठी?"

टाकीतल्या भांडणाविषयी मी जे काही वाचलं आहे त्यात याहून नेमकं काही नाही.

ऑस्ट्रियाचा कोनराड लोरेंझ यानं १९६३ मध्ये आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं आणि त्याची सुरुवातच प्रवाळातल्या माशांपासून केली. फ्लोरिडाच्या समुद्रात पोहताना पाहिलेले आणि मग टाकीत पाळलेले. त्याला दिसलं ते असं: मासा सगळ्यात जास्त मार स्वतःच्याच जातीच्याला देतो. खाणं तेच, बीळ तेच, मादी तीच, म्हणून धोकाही त्याचाच. प्रवाळातल्या माशांचे भडक रंग म्हणजे दुरूनच लावलेली जाहिरात, ही जागा घेतलेली आहे अशी, असं त्यानं मानलं. पुढं त्या मताला बरेच अपवाद निघाले. १९७३ मध्ये त्याला टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हा माणूस १९३८ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला होता, हेही विसरता येत नाही. जागेवरच्या हक्काविषयी अशा माणसाचं लिखाण मी जरा हात राखूनच वाचतो. पण एक निरीक्षण कुणालाही पडताळून पाहता येतं. समुद्रात हरलेला मासा पळतो, हद्द ओलांडली की पाठलाग संपतो. टाकीत हद्द ओलांडून जायला काही नसतं. पळणारा काचेवर आपटून परत फिरतो, तो थेट मारणाऱ्याच्या तोंडासमोर. मारणाऱ्याला वाटतं, हा पुन्हा आला. पाठलाग थांबवणारी जी गोष्ट आहे, म्हणजे समोरचा नजरेआड होणं, तीच घडत नाही. मासा क्रूर झालेला नसतो. त्याचा पाठलाग जिथं आपोआप संपला असता तो पुढचा भाग आपण कापून टाकलेला असतो.

जागा नसली की निघून जाणं म्हणजे किती लांब जाणं असतं ते वऱ्हाडानं अलीकडंच पाहिलं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ, कागदोपत्री नाव टी-१ सी-१, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी निघाला. टिपेश्वर लहान, वाघ वाढलेले, वयात आलेल्या नराला तिथं बूड टेकायला ठिकाण नाही. मराठवाडा, तेलंगणाचा काठ, कपाशीची शेतं, नाले, रस्ते ओलांडत १३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथं त्याच्याशी भांडायला वाघ नव्हता. वाघीणही नव्हती. पण त्याला निघता आलं, धुऱ्याधुऱ्यानं का होईना. माझ्या टाकीत अडीच सेकंदांत दुसरी काच येते.

म्हणून समुद्री टाकीवाल्यांचे सगळे उपाय नीट पाहिले तर ते शांतता करण्याचे नाहीतच. ते पळायला जागा तयार करण्याचे आहेत, किंवा मालकाला मालकी विसरायला लावण्याचे. दगड असे रचायचे की एका बाजूनं शिरलं तर दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येईल. बंद गुहा म्हणजे सापळा. नजर तुटेल असे आडोसे करायचे. नवा मासा सोडताना दिवे घालवायचे, त्याआधी जुन्यांना पोटभर घालायचं. गरीब स्वभावाचे आधी आणायचे, दांडगे शेवटी, म्हणजे दांडग्यालाच नवखेपण भोगावं लागतं. काही जण बाहेरच्या काचेला आरसा लावतात. मालक दिवसभर स्वतःशी भांडून दमतो आणि खरा पाहुणा मागच्या मागं स्थिरावतो. टिनबर्गन सांगत असे की त्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेले स्टिकलबॅक माशाचे नर रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली तरी काचेकडं झेपावायचे, कारण प्रतिस्पर्ध्याचं पोट लाल असतं. ज्याला टपालगाडी फसवते त्याला आरसा फसवणारच. मला मात्र आरशाचा उपाय रुचत नाही. तो रागाला दुसरीकडं वळवतो, मोकळी जागा एक इंचानंही वाढवत नाही.

सगळ्यांत जालीम उपाय दगड हलवण्याचा. नवा मासा खोक्यातून सोडायच्या आधी टाकीतली रचना पूर्ण बदलून टाकायची. कमान मोडायची, उजवीकडचं डावीकडं करायचं. मी ते केलं तेव्हा डोमिनो टाकीच्या मधोमध थांबून राहिला. कमान जिथं होती तिथं गेला, तिथं उघडी वाळू होती. वर गेला, खाली आला. क्लाउनची मादी चिडून माझ्या हातालाच चावली, आणि ती चावते तेव्हा कळतं. थोडा वेळ त्या टाकीत सगळेच नवे होते. जुना नकाशा गेला की जुनं वैर कशावर उभं राहणार? कोरल ब्यूटी त्या गोंधळात बाहेर पडली आणि मागच्या काचेलगतच्या एका फटीत शिरली. काकाजींनी हे पाहून कपाळाला हात लावला. "आमच्याकडं कोनी असं केलं तं खून पडन," म्हणाले.

खरं आहे. माशाची आठवण आणि माणसाची आठवण यांत हा फरक आहे, शिवाय माशाजवळ कागद नसतात.

क्लाउनच्या जोडीविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण टाकीतली खरी सत्ता तिची आहे आणि ती वेगळ्या रीतीनं चालते. क्लाउनफिशच्या एका समुद्रफुलात एक मादी असते, सर्वांत मोठी. तिच्याखाली एक नर. त्याच्याखाली उतरत्या आकाराची चार-दोन पोरकी, ज्यांना पिल्लं होत नाहीत आणि एकमेकांशी नातंही नसतं. मादी मेली की नर मादी होतो आणि खालचा एकेक पायरी वर चढतो. फ्रिके दांपत्यानं १९७७ मध्ये हे सविस्तर मांडलं. पण मला अस्वस्थ करते ती पीटर बस्टननं २००३ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या माशांवर मांडलेली गोष्ट. खालचा मासा आपली वाढ रोखून धरतो. वरच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहान राहतो, कारण आकारानं जवळ गेला तर वरचा त्याला हाकलेल, आणि समुद्रफुलाबाहेर गेलेला क्लाउनफिश म्हणजे कुणाचं तरी भक्ष्य. खायला असतं, वाढायची ताकद असते, तरी तो वाढत नाही. वरची जागा रिकामी झाली की भराभर वाढतो. मार न खाता एकत्र राहण्याची ही एक किंमत आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कुटुंब फार गोड दिसतं. तिसरा क्लाउनफिश त्या जोडीत कधी सोडू नये तो याचसाठी. खोकं, आरसा, दगड, काही चालत नाही. मादी पहिल्याला खालची जागा देते, दुसऱ्याला बहुधा नाही.

हल्ली क्लाउनफिश समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज उरलेली नाही. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास साधली. आपल्याकडं ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती होते. टाकीत जन्मलेल्या या पिल्लांनी समुद्रफूल पाहिलेलं नसतं. तरी पहिल्या दिवसापासून एखादा कोपरा निवडून ती त्याची राखण करतात, मग तो कोपरा हीटरच्या वायरीचा असला तरी. हक्क सांगायला प्रवाळच लागतं असं नाही.

तर डोमिनो. दगड हलवल्याचा गुण दोन-तीन दिवस टिकला. नव्या रचनेत त्यानं नवी जागा धरली आणि मग पुन्हा मोजमाप सुरू झालं. कोरल ब्यूटीची फट त्याच्या रोजच्या फेरीच्या वाटेवर येत होती. तिच्या शेपटीची कड दातरलेली दिसू लागली. खाण्याच्या वेळी ती बाहेर यायची, तो तिला परत आत घालायचा. एका माशाची, एका दगडाची ही रोजची मोजणी संपायची तर कुणाला तरी बाहेर काढणं आलं. आणि बाहेर काढायचा तो मार खाणारा नव्हे, मारणारा. मार खाणाऱ्याला काढलं तर पुढच्या खेपेला तो पुन्हा नवखाच. डोमिनोला जाळ्यात धरणं हे अर्ध्या रात्रीचं काम असतं. दिवे घालवून, तो झोपल्यावर, लाल टॉर्च धरून. माझी बायको टॉर्च धरून उभी होती आणि काकाजी पलंगावरून सूचना देत होते.

दुसऱ्या खोलीतल्या टाकीत तो आठवडाभर राहिला. परत सोडला तेव्हा कोरल ब्यूटीनं मधला दगड धरलेला होता. त्यानं अंग आडवं केलं, पर ताणले, सगळं केलं. ती फटीत गेली आणि दुसरीकडून बाहेर आली, कारण आता तिला वाट माहीत होती. हे महिनाभर चाललं असतं तर चाललं असतं. पण डोमिनो वाढत होता, ठिपके फिकट होत होते, आणि ४०० लिटरांत त्याचा पुढचा आकार कुठं मावणार, हा प्रश्न उरलाच होता.

अमरावतीला माझा एक मित्र आहे, सहा फुटांची टाकी असलेला. मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या रस्त्यानं डोमिनो बादलीत बसून गेला, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून, टोलनाक्यावर पोलिसानं झाकण उघडून पाहिलं तेवढा एक अपवाद सोडता कुठंही न थांबता. मित्राला मी सगळं सांगितलं होतं: दिवे घालव, आधी खाऊ घाल, दगड हलव. त्यानं दगड हलवले नाहीत. त्याचे दगड मोठे आहेत आणि त्याची कंबर धरते. पहिले काही दिवस डोमिनो पंपामागं लपून होता आणि मित्राचा एक लहानसा क्लाउनफिश त्याला खायला येऊ देत नव्हता. मला रोज रात्री फोन. मग फोन थांबले, म्हणून मीच केला.

"पंपाचा कोपरा त्याचा झाला," मित्र म्हणाला. "सातबाराच घेऊन आला होता तुह्या घरून."

आता मित्राला त्या टाकीत पिवळा टँग आणायचा आहे. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो, त्यामुळं त्याच्या आणि डोमिनोच्या बोलण्याला वेगळा रंग येईल. खोकं माझं नेणार आहे, आरसा त्यानं स्वतःच आणून ठेवलाय, दगडांवर अजून आमचं एकमत नाही. पण जे काही करायचं ते पावसाळ्यानंतर. मे महिन्यात मुंबईहून मासे मागवायचे नाहीत, एवढं दोघांनीही ठरवून टाकलंय.